जंगलातला घाट आणि किनाऱ्याचा रस्ता: सायकलवरच्या लांब प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलातून घाट चढायचा, पलीकडे उतरायचं आणि समुद्राच्या कडेने पुढे निघायचं. अशा प्रवासाची तयारी करणारे लोक फिरून फिरून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मी रोज थोडीफार सायकल चालवतो, पण सामान लादून लांब कधी गेलो नाही. मला जमेल का?

बहुतेकांना जमतं. खात्री करून घ्यायची असेल तर एक चाचणी पुरे: पूर्ण सामान बांधून सलग दोन दिवस पन्नास-साठ किलोमीटर चालवा आणि त्यात एक बऱ्यापैकी चढ येऊ द्या. वेग मोजू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवतंय का, हाताची बोटं बधिर झालीत का, गुडघा दुखतोय का, एवढंच बघा. नवख्या माणसाचा प्रवास दम कमी पडल्यामुळे क्वचितच थांबतो. तो थांबतो सीटची उंची चुकल्यामुळे किंवा हँडल लांब पडल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टी घरी दुरुस्त होतात.

पहिला मार्ग असा निवडा की मध्येच सोडता येईल. जपानमधला शिमानामी काइदो यासाठी फार सोयीचा आहे. ओनोमिची ते इमाबारी हे अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर. बेटांना जोडणाऱ्या पुलांवर चढायला सायकलींसाठी वेगळे, सुमारे तीन टक्के चढाचे रस्ते काढले आहेत, आणि मार्गावर निळी रेघ आखलेली आहे, त्यामुळे नकाशात डोकं घालावं लागत नाही. चिलीतल्या कारेतेरा ऑस्ट्रालने सुरुवात करू नका. पुएर्तो मोंत ते व्हिया ओहिगिन्स हा सुमारे बाराशे चाळीस किलोमीटरचा रस्ता ओल्या जंगलांतून, खडीवरून आणि बोटींच्या टप्प्यांनी जातो. तो सुंदर आहे, पण मध्येच सोडून परतायला सोपा नाही.

२. रोज किती किलोमीटर धरायचे?

किलोमीटर धरूच नका, आधी चढाचे मीटर धरा. या प्रकारच्या प्रवासात बेत फसतात ते बहुतेक याच एका कारणाने.

हिशोब सरळ आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ११० किलो वजन धरू. तासन्‌तास टिकेल असा जोर सर्वसाधारण माणूस शंभर-दीडशे वॅटचा लावतो. तेवढ्या जोरात तासाला तीनशे ते साडेचारशे मीटर उंची गाठली जाते. म्हणजे दर शंभर मीटर चढाला पंधरा-वीस मिनिटं. बाराशे मीटरचा घाट असेल तर चढालाच तीन ते चार तास गेले, मग तो वीस किलोमीटरचा असो की तीसचा.

मला विचाराल तर पहिल्या आठवड्यात दिवसाला हजार मीटरच्या वर चढ ठेवू नये, आणि त्या हजार मीटरसोबत साठ किलोमीटर पुष्कळ झाले. सपाटीवर शंभर किलोमीटर सहज करणाऱ्यांनीही. नकाशातले चढाचे आकडे कितपत खरे मानायचे ते प्रश्न १४ मध्ये आहे.

३. निदान किनाऱ्याचा रस्ता तरी सपाट असतो ना? घाटात गेलेला वेळ तिथे भरून काढू असा विचार आहे.

हा विचार सोडून द्या. वाळूचा, सपाट किनारा असेल तर गोष्ट वेगळी. खडकाळ किनाऱ्यावर रस्ता समुद्रात घुसलेल्या प्रत्येक टेकाडावर चढतो, पलीकडच्या खाडीच्या तोंडाशी उतरतो आणि पुन्हा चढतो. एक चढ ऐंशी-शंभर मीटरचाच, पण दिवसात असे दहा आले की एक अख्खा घाट झाला. वर हे चढ आखूड आणि उभे असतात. घाटात निदान एक लय सापडते, दोन-तीन तास एकाच गिअरमध्ये श्वास एका ठेक्यात चालतो. इथे दर वीस मिनिटांनी लय मोडते, म्हणून पाय घाटापेक्षा जास्त दमतात.

कधी कधी डोंगरच समुद्रात उतरलेला असतो आणि रस्त्याला वळसा घालायला जागा नसते. व्हिएतनाममध्ये हुए आणि दा नांग यांच्यामधला हाय व्हान घाट असाच: समुद्राच्या कडेने चाललेला रस्ता जवळजवळ पाचशे मीटर वर जाऊन पुन्हा पाण्याशी येतो. तिथला बोगदा २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा जड वाहतूक त्यात गेली आणि घाट मोकळा झाला. सायकल बोगद्यातून चालवता येत नाही. त्यात सायकलवाल्याचं काहीच बिघडत नाही.

४. माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे ३४ दात असा आहे. पुरेल का?

सामान नसेल तर पुरेल. सामानासह घाटात कमी पडेल, आणि का ते आकड्यांत बघू.

३४ ला ३४ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, सुमारे २.२ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ८ किलोमीटरला जरा कमी वेग होतो. आठ टक्के चढावर, ११० किलो वजनासह, या वेगाला दोनशे वॅटच्या पुढे जोर लागतो. एवढा जोर तासभर लावणं सराव असलेल्यालाही जड जातं. मग माणूस फेरे कमी करतो, चाळीसवर येतो आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो.

आता पुढे २६ आणि मागे ३६ दात घ्या. त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी पावणेसहा किलोमीटर आणि जोर दीडशेच्या आसपास. हे निभतं. दुकानदार म्हणेल इतका हलका गिअर कशाला, यात सायकल पुढेच जात नाही. जाते, आणि संध्याकाळी गुडघे शाबूत असतात. मोठ्या गिअरचं मात्र काही अडत नाही. उतारावर पेडल मारायची गरजच नसते.

५. कोणती सायकल घ्यावी? टायर किती रुंद?

मागे पक्कं कॅरिअर बसतं, सुटे भाग कुठेही मिळतात आणि चाकात निदान ३२ स्पोक आहेत, अशी कोणतीही. टायर ४० ते ५० मिलिमीटर. जंगलातला रस्ता नकाशात डांबरी दिसला तरी पावसाळ्यानंतर तो तसाच असेल याचा भरवसा नसतो, आणि रुंद टायरने डांबरावर जो वेग जातो तो या प्रवासात जाणवतही नाही.

६. मार्ग कोणत्या टोकाकडून सुरू करावा? वाऱ्याचं ऐकावं की दृश्याचं?

वाऱ्याचं. सुदैवाने अनेक ठिकाणी दोन्ही जुळतात.

तुम्ही ज्या बाजूने सायकल चालवता त्याच बाजूला समुद्र असावा. म्हणजे मध्ये समोरून येणारी गाड्यांची रांग नसते आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. बेटाला फेरी घालायची असेल तर वाहनं डावीकडून चालणाऱ्या देशात घड्याळाच्या दिशेने जा, उजवीकडून चालणाऱ्या देशात उलट. तैवानची बेटप्रदक्षिणा, म्हणजे हजार किलोमीटरच्या किंचित आत असलेला पहिल्या क्रमांकाचा सायकलमार्ग, बहुतेक लोक म्हणूनच घड्याळाच्या उलट दिशेने करतात. ऑस्ट्रेलियात वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे २४३ किलोमीटरच्या ग्रेट ओशन रोडवर टॉर्कीहून पश्चिमेकडे निघालं की समुद्र तुमच्या हाताशी असतो.

मग त्या हंगामातला मुख्य वारा बघा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात वारा वायव्येकडून वाहतो, म्हणून तिथे सगळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. समुद्रही उजव्या हाताला येतो. स्कॉटलंडमधला हेब्रिडियन वे, दहा बेटांवरून जाणारा सुमारे तीनशे किलोमीटरचा मार्ग, दक्षिणेकडून उत्तरेकडे करतात, कारण तिथे नैर्ऋत्येचा जोर असतो. त्या बेटांवर झाड नाही, आडोसा नाही. वारा तोंडावर आला तर सपाटीवरही चालण्याच्या वेगावर याल. समुद्राची बाजू आणि वारा यांची गाठ पडत नसेल तर वारा निवडा. दृश्य काय, मान वळवूनही दिसतं.

रोजचा वारा वेगळा. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत शिरते. हा वारा सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी भर धरतो आणि अंधार पडताना पडतो. दुपारी घाट उतरून किनाऱ्याकडे येणाऱ्याच्या तो तोंडावर बसतो, किनाऱ्याहून आत जाणाऱ्याला पाठीवर घेतो. म्हणून किनाऱ्याकडे उतरायचं ते शक्यतो सकाळी.

७. मग दुपारच्या वाऱ्याचा फायदा घेऊन घाट दुपारीच चढावा का?

नाही. उंचावर ढग जमतात ते दुपारीच, आणि वीज कडाडायला लागल्यावर उघड्या माथ्यावर सायकलवर असणं ही गंमत नाही. पाठीवरच्या वाऱ्याचा लोभ सोडा, पहाटे निघा, दुपारच्या आत माथा ओलांडा.

८. आधी डोंगर करावा की आधी समुद्र?

आधी दोन-तीन दिवस सपाट किनारा मिळत असेल तर तो घ्या, शरीर सायकलला सरावतं. किनारा खडकाळ असेल तर या सल्ल्याला अर्थ उरत नाही (प्रश्न ३). अनेक डोंगररांगांची एक बाजू हळूहळू चढणारी आणि दुसरी उभी असते. हळूहळू चढणाऱ्या बाजूने वर जा, पण उभ्या बाजूने उतरायच्या आधी प्रश्न ९ वाचा.

समुद्राकडून येणारा ओला वारा डोंगराला अडतो तिथे पाऊस जास्त आणि जंगल दाट असतं, पलीकडे कोरडं. एकाच दिवसात दोन्ही हवा भेटतात. उंचीचाही फरक मोठा असतो: दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. तैवानमध्ये हुआलिएनच्या किनाऱ्यावरून वूलिंगच्या खिंडीपर्यंत, शून्यापासून ३२७५ मीटरपर्यंत, सलग रस्ता आहे. सुमारे १०५ किलोमीटरची सायकल शर्यतच भरवली गेली आहे त्यावर. खाली घामाने निथळणारा माणूस वर वीस अंश कमी तापमानात, ओल्या कपड्यांत पोहोचतो. उतारावरचा वारा आणखी वेगळा. वाऱ्याचं जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे बॅगेत सगळ्यात वर ठेवा, आणि ते थंडी वाजायच्या आधी, माथ्यावरच चढवा.

अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर वर मुक्काम करू नका. खाली उतरणं हाच उपाय.

९. लांब उतारावर ब्रेक हळूहळू दाबून ठेवणं सुरक्षित आहे ना?

सुरक्षित वाटतं, पण धोक्याचं तेच आहे. ११० किलो वजन हजार मीटर खाली येतं तेव्हा सुमारे तीनशे वॅट-तास ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वेगात असताना तिचा मोठा भाग हवेच्या अडथळ्यात जातो. तुम्ही ब्रेक सतत अर्धवट दाबून ताशी पंधराने उतरत राहिलात, तर जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये साठते आणि तिला निवायला उसंत मिळत नाही. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असतील तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि लिव्हर दाबूनही पकड येत नाही.

रीत अशी: वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा. मग सोडा. वळण मोकळ्या चाकांनी घ्या. सरळ भागात सायकल जाऊ द्या, हवा ब्रेक थंड करते. उतार फारच उभा असेल तर दर दोन-तीनशे मीटर उतरल्यावर थांबा. डिस्कला बोट लावून किती तापली ते बघू नका.

जंगलातल्या उतारावर आणखी दोन गोष्टी. झाडांच्या सावलीत रस्ता दिवसभर ओला राहतो, त्यावर शेवाळ आणि कुजलेली पानं. बाहेर ऊन कडक असलं तरी वळणाच्या आत रस्ता ओलाच आहे असं धरून चाला. दुसरी गोष्ट काळ्या काचांच्या गॉगलची: उन्हातून एकदम सावलीत शिरताना क्षणभर काही दिसत नाही, आणि खड्डा नेमका तिथेच असतो. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी असते, ती आणि लाकडी पूल कायम काटकोनात ओलांडा, वर असताना वळू नका, ब्रेक लावू नका.

निघण्यापूर्वी पॅड नवे असले तरी एक जोड सोबत ठेवा. पाऊस आणि बारीक रेती पॅड किती लवकर खाते ते एका ओल्या आठवड्यात कळतं.

१०. खाऱ्या हवेने सायकल खराब होते का?

होते, आणि हळूहळू नाही. चेनवर दोन दिवसांत तांबूस थर धरतो. रोज मुक्कामी गोड्या पाण्याने सायकल धुवा, पण जोराच्या फवाऱ्याने नको, त्याने मीठ बेअरिंगमध्ये ढकललं जातं. चेन पुसा, वाळू द्या, मग तेल. बोल्टवर आणि सीटच्या दांड्यावर निघण्यापूर्वीच ग्रीस लावा, नाहीतर दांडा फ्रेममध्ये असा धरतो की परतल्यावर हातोडा आणावा लागतो. ओहोटीच्या घट्ट वाळूवरून सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो. चालवा, पण त्या संध्याकाळी धुण्याची टाळाटाळ करू नका.

११. वाटेत बोगदा आला तर?

आधी परवानगी आहे का ते बघा, ऐनवेळी तोंडाशी जाऊन नव्हे. नॉर्वेमध्ये हा प्रश्न पदोपदी येतो. साडेचोवीस किलोमीटरच्या लार्डाल बोगद्यात सायकलला बंदी आहे. वरून जाणारा जुना डोंगरी रस्ता आहे, पण तो बर्फामुळे उन्हाळ्यातच खुला असतो. उलट नॉर्थ केपच्या वाटेवरच्या समुद्राखालच्या बोगद्यातून सायकल नेता येते. तो जवळपास सात किलोमीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खाली जातो. म्हणजे आधी उतार, मग अंधारात तेवढाच चढ. आत थंडी असते आणि गाड्यांचा आवाज इतका घुमतो की गाडी मागून येतेय की पुढून ते कळत नाही. मागे दोन लाल दिवे, अंगावर चमकणारं जॅकेट, आत शिरण्याआधी गरम कपडे.

१२. जंगलात कुठेही तंबू टाकता येतो का?

देशागणिक वेगळं आहे. नॉर्वेत मोकळ्या, शेती नसलेल्या जमिनीवर घरापासून दीडशे मीटर दूर तंबू लावायचा हक्क कायद्याने आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने असाच हक्क मिळाला, तरी लॉक लोमंड या सरोवराच्या परिसरात काही भागांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. अनेक देशांत तंबू ठरलेल्या जागीच टाकावा लागतो आणि राखीव जंगलात मुळीच नाही. ‘सगळेच टाकतात’ ही माहिती नव्हे.

अस्वलं असलेल्या जंगलात अन्न, दंतमंजन, साबण, वासाचं काहीही तंबूत ठेवू नका. लोखंडी पेट्या असतील तर त्यांत, नसतील तर तंबूपासून शंभरेक मीटरवर. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात बारीक चावऱ्या माश्यांचे थवे असतात. त्यांना वाऱ्यात उडता येत नाही, म्हणून तंबू आडोशाला न लावता वारा लागेल असा लावा.

१३. नकाशात बेटाकडे जाणारा रस्ता स्पष्ट दिसतो, पण लोक म्हणतात तो पाण्याखाली जातो. असं कसं?

काही रस्ते ओहोटीतच उघडे पडतात. इंग्लंडमधलं लिंडिसफार्न बेट आणि फ्रान्समधला पासाज द्यू ग्वा ही त्यांतली प्रसिद्ध नावं. दोन्ही रस्ते दिवसातून दोनदा बुडतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल दुपारी एक वाजता ओलांडलेला रस्ता आज त्याच वेळी मोकळा असेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठं असतं आणि पाणी जास्त वर चढतं. तिथे लावलेल्या सुरक्षित वेळा मोटारींच्या हिशोबाने वाचल्या जातात. सायकलला समोरचा वारा असेल तर दुप्पट वेळ लागू शकतो. वेळ संपायला अर्धा तास उरला असताना निघू नका.

१४. एका अॅपमध्ये चढ नऊशे मीटर दाखवतो, दुसऱ्यात चौदाशे. खरा कोणता?

अॅप उंची मोजत नाही, उंचीच्या नकाशावरून काढतं, आणि तो नकाशा चौकोनी तुकड्यांचा असतो. कड्याच्या काठाने जाणारा रस्ता असेल तर एक बिंदू रस्त्यावर पडतो, पुढचा शेजारच्या कड्याच्या माथ्यावर. प्रत्यक्षात सपाट असलेल्या रस्त्यावर असा खोटा चढ जमा होत जातो. बोगदा असेल तर अॅप तुम्हाला त्याच्या वरच्या डोंगरावर चढवतं, पूल असेल तर दरीत उतरवतं. म्हणून किनाऱ्याच्या आणि बोगद्यांच्या मार्गावर मोठा आकडा बहुधा फुगलेला असतो, साध्या घाटात दोन्ही जवळपास असतात. शंका आली तर माथा आणि पायथा यांची उंची पाट्यांवरून किंवा समोच्च रेषांवरून वजा करून पाहा.

१५. बॅटरीवरच्या सायकलने हा प्रवास होईल का?

होईल, पण कंपनी सांगते त्या किलोमीटरांवर विसंबू नका. वजन १२० किलो धरलं तर हजार मीटर चढायला सव्वातीनशे वॅट-तास लागतात. निम्मा भार तुम्ही उचललात, तरी मोटारीतली घट धरून बॅटरीतून दोनशेच्या आसपास जातात. म्हणजे ५०० वॅट-तासांची बॅटरी चढाच्या दोन हजार मीटरांवर संपत येते. विमानाने जाणार असाल तर आणखी अडचण: प्रवासी विमानात १६० वॅट-तासांच्या वरची बॅटरी चालत नाही. अशी सायकल तिथे पोहोचल्यावर भाड्याने घेणंच बरं.

१६. एकटीने जाऊ का?

जा. दाट जंगलात आणि कड्यांच्या आड फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण घ्या. रोजचा मार्ग आणि ‘अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं’ हे घरच्या एका माणसाला लिहून द्या. मुक्कामाचं ठिकाण मात्र त्याच दिवशी इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकू नका.

१७. दरडीमुळे रस्ता बंद असल्याची पाटी आहे, पण सायकल उचलून नेता येईल असं वाटतं. जावं का?

पाटी कशासाठी आहे त्यावर अवलंबून. पूल दुरुस्तीचं काम असेल तर तिथल्या कामगारांना विचारा. दुपारच्या सुट्टीत ते बऱ्याचदा सोडतात. दरड असेल तर नाही. कोसळलेला उतार पावसाशिवायही पुन्हा सुटतो, आणि खांद्यावर सायकल घेतलेल्या माणसाला पळता येत नाही. एप्रिल २०२४ च्या भूकंपानंतर तैवानच्या तारोको घळईतल्या रस्त्याचं मोठं नुकसान झालं. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून तिथून वूलिंगकडे (प्रश्न ८) निघण्याआधी त्या आठवड्याची स्थिती तपासा.

लाकूडतोडीच्या रस्त्यांवर बंदची पाटी असेल तर ती दरडीइतकीच गंभीर धरा. भरलेला ट्रक उतारावर तुमच्यासाठी थांबू शकत नाही. असे रस्ते अनेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशी खुले असतात, तेव्हा एक दिवस आधीच्या गावात थांबून जायचा बेत करा.